चौथी सीट

लोकलने रोज जाणाऱ्यांना हे सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौघं बसतात. असा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी सगळे तो पाळतात. ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की आधी बसलेल्या तिघी सरकतात, आणि पॅसेजच्या कडेला जेमतेम वीतभर जागा निघते. त्या वीतभर जागेवर अर्धं अंग टेकवायचं आणि उरलेलं अर्धं स्वतःच्या पायावर तोलायचं. बघणाऱ्याला बाई बसलेली दिसते. खरं तर ती अर्धी उभीच असते, आणि हे ठाण्यापासून घाटकोपरपर्यंत, कधी दादरपर्यंत.

माझी आई फोर्टातल्या ऑफिसला अशी सत्तावीस वर्षं जाते आहे. आम्ही कळव्याला राहतो. तिथून चढायचं म्हणजे आधीच भरून आलेल्या गाडीत घुसायचं, म्हणून ती रिक्षाने ठाण्याला येते आणि ठाण्याहून सुटणारी लोकल पकडते. तरीही बहुतेक दिवस तिच्या वाट्याला चौथी सीटच येते. कॉलेजची पाच वर्षं मीही तशीच गेले. आता माझी नोकरी ऐरोलीला आहे, ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी, प्रवास छोटा. पण ती बसण्याची पद्धत अंगातून गेलेली नाही.

या चौथ्या सीटवर आम्ही काही जणांनी मिळून सहा मिनिटांची एक नृत्यफिल्म केली. ती कशी होत गेली ते लिहून ठेवायचं आहे, कारण आमच्यासारखी पुष्कळ मुलं-मुली ठाण्यात आणि नवी मुंबईत नाचतात, हातात फोन असतो, शूट करतात, आणि तरी आपल्याजवळ सांगण्यासारखं काही आहे यावर त्यांचा विश्वास बसत नाही. माझाही नव्हता.

मी भरतनाट्यम शिकले. सहाव्या वर्षापासून. अरंगेत्रम, म्हणजे रंगमंचावरचं पहिलं एकटीचं नृत्य, ठाण्याच्या गडकरी रंगायतनला झालं, आजी पहिल्या रांगेत बसून रडली. त्या शिक्षणाने मला जे दिलं त्याची परतफेड होणार नाही. यशोदा, राधा, द्रौपदी या सगळ्या माझ्या हातांतून आणि डोळ्यांतून गेल्या. पण वीस-बाविसाव्या वर्षी एक प्रश्न सतवायला लागला: या सगळ्यांचं मी सांगते, माझं काय? कळव्याच्या मुलीच्या शरीरात जे दिवसभर घडतं, ते कुठल्या मुद्रेत बसतं?

उत्तर शोधायला म्हणून नव्हे, एका मैत्रिणीने आग्रह केला म्हणून मी वाशीतल्या एका छोट्या स्टुडिओत कंटेम्पररीच्या, म्हणजे आधुनिक नृत्याच्या, कार्यशाळेला गेले. शिकवणारी ताई आमच्याहून फार मोठी नव्हती. पहिले काही रविवार नुसता श्वास, जमिनीवर लोळणं, पडणं आणि पडताना अंग सैल सोडणं. भरतनाट्यम केलेल्यांना हे फार जड जातं. आम्हाला पाठ ताठ ठेवायची सवय असते, पडणं हे शिकवलेलंच नसतं. गुडघे आणि कोपरे निळे झाले. मग एका रविवारी ताईने पीना बाऊशबद्दल सांगितलं. जर्मनीतल्या वुपरटालची ही नृत्यदिग्दर्शिका (१९४०–२००९) नर्तकांना स्टेप्स द्यायच्याऐवजी प्रश्न विचारायची, आणि नर्तकांनी हालचालीतून, बोलण्यातून, आठवणीतून जी उत्तरं दिली त्यातून तिची नृत्यं उभी राहत. ताईने आम्हाला तसाच एक प्रश्न घातला: तुमचं शरीर रोज करतं, पण तुम्हाला कुणीही शिकवलेली नाही, अशी एक गोष्ट करून दाखवा.

कुणी घागर उचलली, कुणी फोनवर मान वाकवून अंगठा फिरवला. मी स्टुडिओतली प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्या कडेवर अर्धी बसले. ताई म्हणाली, “थांब. तशीच राहा. मी सांगेपर्यंत उठू नकोस.”

मिनिटभरात उजवी मांडी थरथरायला लागली. आणखी थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ही थरथर मला ओळखीची आहे. अरमंडीत बराच वेळ बसलं की हीच थरथर सुटते. गुडघे बाहेर, पाठ सरळ, अर्धबैठक. लहानपणी गुरूंच्या छडीच्या तालावर आम्ही तिच्यात मोजून बसायचो, आणि पाय सोसत नाहीत म्हणून रडायचो. तीच मांडी, तोच स्नायू. अरमंडीत दोन्ही पायांवर सारखा भार असतो, इथे सगळा एकावर. शास्त्रीय नृत्याने जे बळ मला दिलं ते मी रोज लोकलमध्ये खर्च करत होते, आणि दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी चंद्रलेखा यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. जन्म महाराष्ट्रातला, वाडा इथला, १९२८ चा, कर्मभूमी मद्रास. भरतनाट्यमची नर्तकी म्हणून नाव झालेलं असताना त्या रंगमंचापासून बराच काळ दूर गेल्या, आणि परतल्या तेव्हा देवकथांऐवजी शरीरच मध्यभागी ठेवून. १९८५ च्या ‘अंगिका’ या नृत्यरचनेत त्यांनी भरतनाट्यमच्या शेजारी कलरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणून ठेवले. हे वाचून मला मोठा धीर आला. जे शिकले ते टाकून द्यायचं नाही. त्याच्या आतल्या बळाकडे नव्याने बघायचं.

मग माणसं जमवायला सुरुवात केली. कार्यशाळेतल्या दोघी लगेच तयार झाल्या, एक नेरूळची, दुसरी डोंबिवलीची. चौथा गडी, एक मुलगा, मिळाला तो वाशी स्टेशनवर. नवी मुंबईची स्टेशनं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना माहीत आहे, ती स्टेशनं कमी आणि प्रचंड मोठी दालनं जास्त आहेत. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने ती तशी बांधली, वर ऑफिसं आणि खाली मोकळे, गुळगुळीत फरशीचे व्हरांडे. संध्याकाळनंतर दुकानांच्या काचांसमोर पोरांचे घोळके नाचत असतात. काच हाच आरसा, ब्लूटूथ स्पीकर हाच ऑर्केस्ट्रा, भाडं शून्य. ज्यांना तासाच्या हिशोबाने स्टुडिओ घेणं परवडत नाही अशा मुलांचं नृत्य या फरशांवर घडलेलं आहे, आणि शहराने त्यांच्याकडे याहून जास्त मायेने बघायला हवं असं मला मनापासून वाटतं. हा मुलगा पॉपिंग करायचा. स्नायू एकदम आवळून एकदम सोडणं, त्यातून अंगाला बसणारा झटका. मी त्याला चौथ्या सीटचं सांगितलं तर तो म्हणाला, “आमच्या डब्यात पण असते ना. पण मी बसतच नाही. मी दारात असतो.”

ते ‘दारात’ आम्ही लगेच घेतलं. एका हाताने दांडा, अंग बाहेर झुकलेलं, वाऱ्यावर शर्ट. त्याच्या पॉपिंगमध्ये ते फार सुंदर बसत होतं. मे महिनाभर त्याच्यावर काम केलं.

९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये दोन भरगच्च लोकल एकमेकींजवळून जाताना दारातली माणसं रुळांवर पडली. त्यात काहींचा जीव गेला. आमच्या कळव्याच्या पुढचंच स्टेशन मुंब्रा. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घरातून फोन चालू होते, कोण कुठे पोचलं, कोण कुठल्या गाडीत होतं. पुढच्या तालमीला तो मुलगा आला आणि सरळ म्हणाला, “दाराचं काढू या. मी ते सुंदर करून नाही दाखवणार.” कुणी वाद घातला नाही. त्याने नंतर जे केलं ते आमच्या फिल्ममधलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: तो बाकाजवळ नुसता उभा राहतो. वर हँडल धरलेला हात, खाली पाय ठेवायला जागा नाही म्हणून एक टाच दुसऱ्या पायाच्या पंजावर. बाकीच्या तिघी हलतात, तो हलत नाही. पॉपिंग करणाऱ्या मुलाने इतका वेळ न हलणं काय असतं ते नाचणाऱ्यांना कळेल.

बाक बनवून घेतला वागळे इस्टेटमधल्या एका सुताराकडून. लोकलमध्ये शूट करायचं नाही हे आधीच ठरलं होतं. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी आणि शुल्क लागतं, ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आणि चोरून, गर्दीत, दमलेल्या बायकांच्या तोंडावर कॅमेरा धरून करायची ही गोष्टच नव्हती. म्हणून आईने एका दुपारच्या रिकाम्या गाडीत टेपने मापं घेतली, बसण्याची उंची, पाठीचा कल, सगळं. सुतारकाकांनी मापं पाहून विचारलं, “किती जण बसणार?”

“चार.”

“मग हे कमी पडेल. फूटभर वाढवतो.”

“नको काका. तिघांचाच करा. चौघं बसणार.”

त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि हसले. डोंबिवलीहून रोज येणारा माणूस, त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. कडेची धार मात्र त्यांनी स्वतःहून पॉलिश पेपरने गोल करून दिली. म्हणाले, “चौथ्याला रुततं तिथे.”

आता आईचं. तिला मी तालमीला बोलावलं ते फक्त बघायला. नेरूळच्या मैत्रिणीच्या सोसायटीचं क्लबहाऊस रविवारी सकाळी मिळायचं, तिथे बाक नेऊन ठेवला होता. आम्ही बसवलेलं सगळं तिने शांतपणे पाहिलं. आम्ही थांबलो तेव्हा ती म्हणाली, “छान आहे गं. पण अशी कुणी बसत नाही.”

मग ती उठली, चपला काढल्या, पर्स घेतली आणि बाकाच्या कडेला बसून दाखवायला लागली. आधी ओढणी मांडीखाली घ्यायची, नाहीतर उतरणाऱ्या बाईच्या पिशवीत अडकून ओढली जाते. पर्स पोटाशी, चेन आपल्या बाजूला. बाहेरचा पाय पुढे टाकायचा नाही, जरा मागे घ्यायचा, टाच उचललेली, म्हणजे कुणी पायावर पाय दिला तर चवडा फिरवून वाचता येतं. हात समोरच्या बाकाच्या दांड्यावर, पण घट्ट नाही, कारण गाडीने गचका दिला तर घट्ट धरलेला खांदा दुखतो. मुलुंड गेलं की हळूच कूस बदलायची. शेजारणीला कळतं, तीही तेवढीच बदलते, बोलायला लागत नाही. “आणि घाटकोपरला,” आई म्हणाली, “मेट्रो झाल्यापासून खूप जणी उतरतात. खिडकीची उठली की तिघी सरकतात आणि चौथीला पूर्ण सीट मिळते. तेव्हा श्वास सोडायचा. त्याच्या आधी नाही.”

आम्ही चौघंही तिच्याकडे बघत राहिलो. महिनाभर आम्ही त्या बाकावर आवळणं आणि सोडणं शोधत होतो, कंटेम्पररीच्या भाषेत कॉन्ट्रॅक्शन आणि रिलीज. मार्था ग्रॅहम या अमेरिकन नर्तकीने आपलं सगळं तंत्र याच जोडीवर उभं केलं. आणि आई सांगत होती की ही सुटका नेमकी कधी होते, कुठल्या स्टेशनला, आणि ती आपल्या हातात नसते, दुसऱ्या बाईच्या उठण्यावर असते. त्या दिवसापासून आमच्या रचनेतल्या एका भागाचं नाव आमच्यापुरतं ‘घाटकोपर’ पडलं. “घाटकोपरपासून घेऊ या,” असं आम्ही तालमीत म्हणतो.

तालमीला आलेल्या ताईचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मला तिने खुणेने बोलावलं. आईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली होता. कमरेची एक बाजू आत गेलेली. मी त्याच घरात पंचवीस वर्षं राहते, तिच्या पाठीला मलम चोळते, आणि एका बाजूला झुकलेलं हे शरीर मी असं उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. आईला विचारलं, तर तिने सहज सांगितलं, “उजवीकडची बाजू मिळते ना बहुतेक. डाव्या कुशीवर वजन.” आम्ही तो कल जसाच्या तसा उचलला. फिल्मच्या शेवटी आम्ही चौघं बाकापासून निघून मोकळ्यात चालतो, पण चौघांचाही एक खांदा खालीच राहतो. माझ्या आईच्या खांद्याएवढाच, बोटभर.

हे रंगमंचावर करायचं की कॅमेऱ्यासाठी, यावर आमचं बरंच बोलणं झालं. मला रंगमंच प्रिय आहे. पण टाचेचं उचललं जाणं, मांडीची थरथर, बोटभर खांदा हे सगळं दहाव्या रांगेतून दिसत नाही. तिथे दाखवायचं तर मोठं करून दाखवावं लागतं, आणि मोठं केलं की ते खोटं होतं. चौथ्या सीटवर कुणी काही मोठं करतच नाही, जागाच नसते. कॅमेरा वीतभर अंतरावर जाऊ शकतो. शिवाय कॅमेऱ्याच्या नृत्यात कापून जोडता येतं. माया डेरेन यांनी १९४५ साली ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ ही काही मिनिटांची मूकफिल्म केली. त्यात नर्तक टॅली बीटी झाडीत पाय उचलतो आणि तो पाय खाली टेकतो तो घराच्या आत. पाऊल एकच, जागा दोन. आपल्याकडे उदय शंकर यांनी १९४८ मध्ये ‘कल्पना’ हा अख्खा चित्रपट नृत्याच्या भाषेत केला. म्हणजे नृत्य नुसतं शूट करून ठेवायचं नसतं, नृत्य कॅमेऱ्यात आणि कात्रीत घडवायचं असतं. ही गोष्ट तेव्हापासून माहीत असलेली, आम्हाला ती नव्याने सापडली.

शूट आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर केलं. तिथून रूळ दिसतात. सेक्रेटरी काकांना रीतसर पत्र दिलं. त्यांनी एकच अट घातली: गच्चीवर उड्या मारायच्या नाहीत, खालच्या मजल्यावर गळतं. उडी आमच्यात नव्हतीच. गच्चीला चायना मोझॅक आहे, फुटक्या लाद्यांचे ते पांढरे तुकडे, अनवाणी पायांना टोचतात आणि नऊच्या पुढे तापतात. म्हणून डिसेंबरात पहाटे उजाडायच्या आत वर जायचं, बाक मांडायचा, अंग गरम करायचं, आणि सूर्य पारसिकच्या डोंगराआडून वर येऊन गच्ची भरेपर्यंत काम करायचं. जमिनीवर लोळण्याचा भाग होता तिथे सतरंजी घालून पाहिली, पण ती फ्रेममध्ये येते. शेवटी गुडघ्यांना आतून पट्ट्या बांधल्या.

कॅमेरा नेरूळच्या मैत्रिणीच्या भावाचा, तोच चालवणारा. सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर सेकंदाच्या एकपन्नासांश. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली न जुळणाऱ्या शटरवर पट्टे लुकलुकतात. हे त्याने आधीच तपासून ठेवलं होतं. एकच कॅमेरा असल्यामुळे एकच हालचाल आधी दुरून, मग जवळून, मग नुसते पाय अशी पुन्हा पुन्हा करावी लागते. नाचणाऱ्याला यातलं सर्वांत अवघड काय, तर श्वास जुळवणं. दुरून घेतलेल्या शॉटमध्ये हात श्वास घेताना उचलला असेल आणि जवळच्या शॉटमध्ये सोडताना, तर दोन्ही जोडल्यावर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. म्हणून ताई कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून आमचे श्वास मोजायची.

चेहऱ्याचं मला वेगळं सांगायला हवं. भरतनाट्यमचा अभिनय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असतो, डोळे मोठे, भुवई बोलकी. कॅमेरा जवळ आला तेव्हा तो चालवणारा मित्र म्हणाला, “काहीच करू नकोस. फक्त कुठे उतरायचंय ते मनात ठेव.” मी कॉलेजचं स्टेशन मनात ठेवलं, गर्दीतून दारापर्यंत कशी पोचणार याची ती काळजी. तो शॉट फिल्ममध्ये आहे. माझा स्वतःचा असा चेहरा मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

आई फिल्ममध्ये यायला तयार झाली ती चेहरा दिसणार नाही या बोलीवर. “मला नाचायला सांगू नका, मी बसते,” म्हणाली. ऑफिसची साडी, तीच पर्स, तीच काळी चप्पल. आम्ही तिघी आधी बसलो, ती आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “जरा सरकून घ्या.” हे संवादात नव्हतं. आम्ही सरकलो. एका दमात झालेला हा एकच शॉट, त्यात काहीही कापलेलं नाही.

संगीत घेतलं नाही. चालू गाणं लावलं असतं तर हक्कांचा प्रश्न आला असता, आणि खरं म्हणजे गाण्याने आमच्या वतीने भाव सांगून टाकला असता. गच्चीवरून गाड्यांचा आवाज घेतला. रूळ आता वेल्ड केलेले असतात, त्यामुळे जुना खडाक-खडाक फारसा ऐकू येत नाही, पण गाडी सांधा बदलते तिथे अजून चाकं बोलतात. मला त्यात सात मात्रा ऐकू आल्या, तकिट तकधिमि, कर्नाटक संगीतातला मिश्र चापू ताल. सगळ्यांना ऐकू येतीलच असं नाही. पण आमचं कूस बदलणं आम्ही त्या सातावर बसवलं. बाकी आवाज ओढणीचा, चेनचा, श्वासांचा.

संकलनात एका गोष्टीवर आमचे तीव्र मतभेद झाले. मित्राला ‘घाटकोपर’चा भाग स्लो मोशनमध्ये हवा होता, त्याने तो तसा शूटही केला होता, आणि दिसायला तो देखणा होता, यात वाद नाही. मी हटून बसले. स्लो मोशनने कष्ट देखणे होतात. थरथरणारी मांडी संथ झाली की ती पाण्यावरच्या तरंगासारखी दिसते, तिचं दुखणं निघून जातं. सध्या रील्समध्ये प्रत्येक दुसरा नर्तक संथ गतीत पडत असतो, आणि मला वाटतं त्यामुळे आपण शरीराचा खरा वेळ बघायचं विसरत चाललो आहोत. श्वास सुटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागतो. ताईने दोन्ही लावून पाहिलं आणि खऱ्या वेगाचं ठेवलं. मित्र आजही म्हणतो त्याचं बरोबर होतं.

पहिल्यांदा दाखवली ती आमच्या घरी, आईच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आईचा गाडीतला ग्रुप येणार होता, त्यात काही जणी वीस-वीस वर्षं एका डब्यातून जाणाऱ्या. एकमेकींची बाळंतपणं, मुलांची ॲडमिशनं, नवऱ्यांची आजारपणं सगळं त्यांनी मुलुंड आणि दादरच्या मध्ये ऐकलेलं. तिळगूळ झाला, वाण झालं, मग टीव्हीला लॅपटॉप जोडला. मला धाकधूक होती ती ‘याला नाच म्हणायचं का’ या प्रश्नाची. तो कुणी विचारला नाही. आईची टाच पडद्यावर आली तेव्हा दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, “ही तर तू!” चप्पलवरून ओळखलं.

फिल्म संपल्यावर जे सुरू झालं ते मी लिहून ठेवलं आहे. भांडुपला राहणाऱ्या एका मावशींनी सांगितलं, पाय मागे घेणं चुकीचं आहे, त्या गेली कित्येक वर्षं पुढेच ठेवतात. त्यावर वाद झाला. बाक गच्चीवर होता, तर त्या म्हणाल्या चला दाखवते, आणि साड्या सावरत सगळ्या वर गेल्या. चौघी-चौघी बसून दाखवायला लागल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूंनी डाव्या पायावर भार न देता कसं बसायचं ते दाखवलं; त्यांनी स्वतःचं एक तंत्रच बनवलं होतं, पर्स मांडीखाली उशीसारखी घेऊन. एक मावशी कधीच बसत नाहीत, त्या दाराजवळच्या कोपऱ्यात उभ्या राहतात, पार्टिशनला पाठ लावून, कारण एकदा बसल्या की झोप लागते आणि भायखळा निघून जातं. त्या मला म्हणाल्या, “माझं उभं राहणं कधी घेणार?”

मित्राने कॅमेरा आणलेलाच होता. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांचं उभं राहणं शूट केलं, पाठ, पार्टिशन म्हणून पाण्याच्या टाकीची भिंत, आणि खाली सहा वाजून काही मिनिटांची कल्याण लोकल. आता दुसऱ्या फिल्मचं काम चालू आहे. या वेळी नाचणाऱ्यांत आईच्या ग्रुपमधल्या तिघी आहेत, तालमी शनिवारी दुपारी, त्यांच्या सोयीने. वाशीच्या मुलाने त्याच्या घोळक्यातली आणखी दोन मुलं आणली आहेत. ती मावशींकडून पार्टिशनला टेकायचं शिकतात आणि मावशी त्यांच्याकडून मानेचा व्यायाम. बाक अजून गच्चीवर आहे. पावसाळ्याआधी हलवा, असं सेक्रेटरी काकांनी सांगितलंय, म्हणून सध्या आम्ही जागा शोधतोय. ठाणे-कळवा पट्ट्यात कुणाकडे कोरडी, छप्पर असलेली जागा असेल तर सांगा. बाक तिघांचा आहे, फार जागा खात नाही.